मजकूर बिघडला की पडदा?

मागच्या अंकात एका उत्तराच्या शेपटीला 'टर्मिनलमध्येही (आज्ञा टाइप करून संगणक चालवायच्या काळ्या खिडकीतही) मराठी दिसते, थोडी मशागत लागते इतकंच' असं वाक्य सहज टाकलं होतं. त्याची किंमत महिनाभर मोजते आहे. आलेली पत्रं वरवर निरनिराळी वाटली तरी बहुतेकांचं दुखणं एकच आहे, म्हणून या वेळचं सदर सगळं त्या काळ्या खिडकीलाच दिलं आहे.

एक सूचना. आज्ञा मी फोनवर सांगते तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत, लहान लिपीत करायच्या. लँग, एलसी-ऑल, एलसी-सीटाइप ही भाषेच्या सेटिंगची नावं मात्र कायम कॅपिटलमध्ये, आणि त्यांतली आडवी रेघ म्हणजे अंडरस्कोर.

ताई, आमच्या वाचनालयातली जुनी नियतकालिकं स्कॅन करून मी उबुंटू लॅपटॉपवर ठेवली. फाइलींची नावं मराठीत आहेत. मंडळाने भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर ती चढवली. लॅपटॉपवर नावं स्वच्छ दिसतात, पण एसएसएचने (दूरच्या मशीनवर शिरायच्या सोयीने) सर्व्हरवर जाऊन 'एलएस' (फाइलींची यादी) केलं की 'मराठी'च्या जागी अवतरणचिन्हं, डॉलर आणि उलट्या तिरक्या रेघांसह ३४० २४४ २५६, ३४० २४४ २६० अशी रांग येते. दुसऱ्या एका जुन्या मशीनवर तर नुसती प्रश्नचिन्हं. आठशे फाइली आहेत. सगळ्यांची नावं इंग्रजीत करून टाकू का? — एक ग्रंथपाल, वाई

थांबा! एकाही नावाला हात लावू नका. फाइली धडधाकट आहेत.

ते आकडे नीट बघा. युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलाय आणि यूटीएफ-८ पद्धतीत तो साठवायला ३ बाइट लागतात. ३४०, २४४, २५६ हे त्या तीन बाइटचे अष्टमान पद्धतीतले, म्हणजे ० ते ७ एवढ्याच अंकांत लिहिलेले, आकडे. ते मिळून होतो 'म'. पुढचे ३४० २४४ २६० म्हणजे 'र'. मग २७६ वर संपणारा काना, २४० वर संपणारा 'ठ', आणि शेवटी ३४० २४५ २०० ही दुसरी वेलांटी. पाच चिन्हं, पंधरा बाइट. जुन्या मशीनवरची प्रश्नचिन्हं मोजा, 'मराठी'ला पंधराच भरतील. आपली नेहमीची देवनागरी ३४० २४४ किंवा ३४० २४५ नेच सुरू होते. ही जोडी पुन्हा पुन्हा दिसली की खुशाल समजावं, आतली मराठी शाबूत आहे.

ही पद्धत केन थॉम्सन यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, रॉब पाइक यांच्यासमोर, जेवणाच्या ताटाखालच्या कागदावर आखली. तिची खुबी अशी की, जुन्या प्रोग्रामला मजकुरातलं अक्षर कळलं नाही तरी तो मजकूर न बिघडवता पुढे ढकलू शकतो. तुमच्या आठशे फाइली सर्व्हरवर सुखरूप पोचल्या त्या याच पुण्याईवर.

मग दिसत का नाहीत? 'एलएस' नाव छापण्याआधी स्वतःचं लोकेल विचारतो. लोकेल म्हणजे भाषा, देश आणि अक्षरपद्धती यांचा त्या सत्रापुरता करार. करारात यूटीएफ-८ नसेल तर १७७ च्या वरचं सगळं त्याला छापण्याजोगं वाटत नाही. जुना 'एलएस' तिथे प्रश्नचिन्ह टाकायचा, २०१६ नंतरचा प्रामाणिकपणे आकडे टाकतो. सर्व्हरवर 'लोकेल चारमॅप' एवढीच आज्ञा द्या. उत्तर 'यूटीएफ-८' यायला हवं. तुम्हाला बहुधा 'एएनएसआय एक्स ३.४-१९६८' मिळेल. ती अमेरिकन आस्की अक्षरमाला. तुमचा भाड्याचा सर्व्हर अजून १९६८ सालात बसलाय.

आणि त्याला तिथे बसवलंय तुमच्याच लॅपटॉपने, ही यातली गंमत. उबुंटू बसवताना भारत निवडला की लँगमध्ये 'ईएन अंडरस्कोर कॅपिटल आयएन', म्हणजे भारतीय इंग्रजी, जाऊन बसते. एसएसएच ती चिठ्ठी आपणहून सर्व्हरकडे पोचवतो, कारण डेबियन-उबुंटूवर लँग आणि एलसीने सुरू होणारी सगळी नावं पाठवायची आणि स्वीकारायची असं ठरूनच आलेलं असतं. सर्व्हरवर मात्र भारतीय लोकेल तयार केलेलं नसतं. मागितलेलं मिळालं नाही की प्रोग्राम मधला काही मार्ग काढत बसत नाही, थेट 'सी' नावाच्या आदिम लोकेलवर उतरतो. लॉगिन करताना 'कॅनॉट सेट' किंवा 'कॅनॉट चेंज लोकेल' असं काहीतरी येऊन जात असेल आणि तुम्ही ते वाचत नसाल. कुणीच वाचत नाही.

सर्व्हर उबुंटूचा आणि तुमच्या ताब्यात असेल तर 'सुडो लोकेल-जेन' पुढे ते भारतीय नाव द्या. नसेल तर सर्व्हरवरच्या तुमच्या 'डॉट बॅशआरसी' या सुरुवातीला वाचल्या जाणाऱ्या फाइलीत एक ओळ घाला: एक्सपोर्ट, एलसी-ऑल, बरोबर, मग कॅपिटल सी, टिंब, कॅपिटलमध्ये यूटीएफ-८. हे लोकेल हल्लीच्या सगळ्या डेबियन-उबुंटूवर आयतं असतं. एलसी-सीटाइप, म्हणजे अक्षरपद्धतीचं कलम, बदलून भागेल असं वाटेल, पण भागत नाही. बारा कलमांतलं एक जरी सापडलं नाही तरी बरेच प्रोग्राम अख्खा करार फेटाळतात. एलसी-ऑल सगळ्यांच्या वर बसतं, त्याखालोखाल एकेक एलसी आणि तळाशी लँग.

गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरत असाल तर तिथे हेच आकडे लोकेल नीट असूनही दिसतात. तो गिटचा स्वतःचा सोवळेपणा. 'गिट कॉन्फिग' मध्ये 'कोअर डॉट कोटपाथ' ला 'फॉल्स' करा.

आता 'हात लावू नका' असं ओरडून का सांगितलं ते. काही वर्षांपूर्वी एका सहकारी कार्यालयाचा संगणक विभाग मी एकटी सांभाळत होते. सांगली जिल्ह्यातल्या दहा तालुक्यांच्या दहा फाइली, नावं अर्थातच तालुक्यांची. नव्या मशीनवर सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसली. मला वाटलं, नावं सडली. मी हुशारीने चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली: नावात जो जो परका बाइट असेल तिथे अंडरस्कोर. तासगाव, आटपाडी, कडेगाव, शिराळा. मोजून बघा, प्रत्येकात सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट, म्हणजे अठरा अंडरस्कोर. चारही फाइलींना एकच नाव मिळालं आणि एकीने दुसरीला गिळलं. शेवटी उरली शिराळा, कारण बाइटांच्या क्रमाने ती सर्वांत मागून आली. पलूसला मिरजेने खाल्लं. दहा तालुक्यांच्या सहा फाइली झाल्या. शनिवारची बॅकअप टेप होती म्हणून नोकरी राहिली. तेव्हापासून माझा नेम आहे: मजकूर बिघडलाय अशी शंका आली की आधी 'ओडी, वजा बी' ला विचारायचं. तो बाइट मोजून दाखवतो, पडद्यासारखा सोंग आणत नाही.

तुम्ही सांगता तसं 'लोकेल चारमॅप' यूटीएफ-८ च दाखवतं. साध्या टर्मिनलमध्ये मराठी दिसते. पण टीमक्स (एका खिडकीत अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्राम) सुरू केलं की प्रत्येक अक्षराच्या जागी अंडरस्कोर! — एक वाचक, पुणे

घाबरू नका, हे अंडरस्कोर फक्त पडद्यावरचे आहेत, माझ्यासारखे फाइलीत गेलेले नाहीत. दोषी तेच आपलं भारतीय इंग्रजी. बहुतेक देशांच्या लोकेलच्या नावाला 'टिंब यूटीएफ-८' अशी शेपटी असते. आपल्या लोकेलांना जुनी अक्षरपद्धती कधी नव्हतीच, त्यामुळे शेपटी लावायची गरज कुणाला वाटली नाही. आतून ते यूटीएफ-८ च असतं. टीमक्स मात्र आत डोकावत नाही. एलसी-ऑल, एलसी-सीटाइप, लँग यांपैकी जे पहिलं भरलेलं सापडेल त्याच्या नावात 'यूटीएफ-८' ही अक्षरं आहेत का, एवढंच वाचतो. आडनाव नाही म्हणून रेशन नाही, तसला प्रकार. लँगमध्ये 'आयएन' नंतर ती शेपटी स्वतः जोडा, दोन्ही नावांनी लोकेल सापडतं. घाई असेल तर 'टीमक्स, वजा यू'.

आमच्या गटाच्या दूध संकलनाची यादी मी स्क्रिप्टने टर्मिनलमध्ये छापतो. डावीकडे सभासदाचं नाव, उजवीकडे लिटर. इंग्रजी नावं असताना लिटरचे आकडे एका रेषेत येत होते. मराठी नावं घातल्यापासून एक आकडा शिरोळला तर दुसरा जयसिंगपूरला. वीस रकान्यांची जागा सांगूनसुद्धा. — एक दूध उत्पादक, शिरोळ तालुका

पत्र वाचून हसले, आणि मग दोन संध्याकाळी याच्यावर घालवल्या. खरं दुखणं इथे आहे.

टर्मिनल हा प्रोग्राम एका यंत्राची नक्कल करतो. १९७८ साली डिजिटल कंपनीने व्हीटी-१०० काढलं: ८० रकाने, २४ ओळी, प्रत्येक चौकटीत एक अक्षर. ८० हा आकडा त्याच्याही मागचा, आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रांच्या कार्डावरचा. तुमच्या लॅपटॉपवरची खिडकी आजही मनाने वहीच्या चौकटींचा कागद आहे. 'ए' ला एक चौकट, 'बी' ला एक चौकट. चिनी अक्षराला दोन. आता 'क्षिती'ला किती?

मोजायला बसू. बाइट मोजले तर १८. युनिकोडची चिन्हं मोजली तर ६: क, हलन्त, ष, पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी. मार्कुस कून यांनी २००१ मध्ये लिहिलेला रकाने मोजणारा तक्ता पुढे पुष्कळ टर्मिनलांनी आधाराला घेतला. त्याच्या हिशोबाने ५, कारण हलन्ताला शून्य रकाने. युनिकोडच्या 'वाचकाला एकसंध वाटणारा तुकडा' या नियमाने २०२३ पर्यंत ३: क्, षि, ती. त्या वर्षी १५.१ आवृत्ती आली, तिने जोडाक्षर एकत्र धरायचं मान्य केलं आणि आता २. एकाच शब्दाच्या पाच लांब्या झाल्या, आणि प्रत्येक लांबी कुणाच्या तरी दृष्टीने बरोबर आहे.

तुमची स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम म्हणजे बॅश, आणि त्याची छापायची आज्ञा 'प्रिंटएफ'. ती बाइट मोजते. वीस सांगितले, अठरा झाले असं समजून ती दोनच मोकळ्या जागा सोडते. तेच काम 'गॉक' या मजकूर हाताळणाऱ्या साधनाला दिलं तर तो चिन्हं मोजतो आणि चौदा सोडतो. पायथनही चिन्हंच मोजतो. खिडकी स्वतः आणखी तिसराच हिशोब धरून बसलेली. चिन्हं मोजणाऱ्यांकडे जितकी जोडाक्षरं जास्त तितका आकडा सरकतो. तिथे 'राम' सरळ आणि 'लक्ष्मण' वाकडा येतो, तुमच्या बॅशच्या यादीत दोघेही वाकडे.

मला यात सर्वांत रमवलं ते कून यांच्या तक्त्याने. मी मराठी टंकलेखन शिकले ते खऱ्या लोखंडी यंत्रावर, मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेसाठी. त्या यंत्रावर उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळा मारल्या की कॅरेज जागचं हलत नसे. काना मारला की एक घर पुढे. कून यांचा तक्ता बघा: उकाराला शून्य, मात्रेला शून्य, अनुस्वाराला शून्य, कान्याला एक, वेलांटीला एक. त्यांनी हे युनिकोडच्या वर्गवारीवरून काढलं, पण निकाल आमच्या क्लासमधल्या यंत्रासारखाच आला. फरक वेलांटीत पडला. यंत्रावर पहिली वेलांटी आधी मारायची आणि मग अक्षर, म्हणजे डोळ्याला दिसतं तसं. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या मागे साठवली जाते, म्हणजे तोंडाने बोलतो तशी. मग दाखवणाऱ्याने तिला उचलून पुढे नेऊन ठेवायचं. 'क्षिती'त तर दोन अक्षरांच्या आधी. साध्या टर्मिनलच्या चौकटीत हे उचलणं बसत नाही, म्हणून तो वेलांटी आहे तिथेच काढतो, कधी ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगून.

हल्ली सुधारणा चालू आहेत. काही टर्मिनलं चिन्हांऐवजी अख्खा तुकडा एका हिशोबाने धरायला लागली आहेत. 'किटी' या टर्मिनलचा कर्ता कोविद गोयल आपल्याच देशातला, ई-पुस्तकांसाठी 'कॅलिबर' वापरत असाल तर तेही त्याचंच. किटीने २०२५ मध्ये एक वेगळी वाट काढली: या तुकड्याला इतके रकाने दे, असं प्रोग्रामनेच खिडकीला सांगायचं. मला ती सोय आवडली. भांडण मुळात रकाना खरा किती या गोष्टीचं नाहीच. मोजणाऱ्याचा आणि काढणाऱ्याचा तक्ता एक नाही, म्हणून सगळं वाकडं होतं.

पण तुमचं दूध उद्या सकाळी आहे. तर तोडगा: लिटर आधी छापा, नाव शेवटी. आकडे डावीकडे रेषेत राहतील, नावं उजवीकडे हवी तेवढी पसरू देत. मी स्वतः गेली कित्येक वर्षं हेच करते. नाव आधीच हवं असा हट्ट असेल तर मोकळ्या जागा मोजणं सोडा आणि खिडकीलाच हुकूम द्या: नावानंतर एस्केपचा संकेत, चौकोनी कंस, ४०, कॅपिटल जी. याचा अर्थ 'चाळिसाव्या रकान्यात जा'. मग नावाने किती जागा खाल्ली याच्याशी तुम्हाला कर्तव्य उरत नाही. फाइलीत साठवायच्या यादीत मात्र हा संकेत घालू नका, तिथे तो कचरा दिसतो.

कोकणातल्या आठवणींचे लेख जमवते आहे. 'दऱ्या' हा शब्द ग्रेपने (फाइलींत मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने) शोधला तर निम्मेच सापडतात. उरलेल्या फाइलींतही तो शब्द डोळ्यांना दिसतो. — एक वाचक, रत्नागिरी

'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगरांमधल्या खिंडी एवढं अंतर, आणि ते सगळं त्या पापणीसारख्या 'र'वर. हा अर्धा र साठवायच्या तीन रीती फिरताहेत. पहिली रीत म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. मी हीच वापरते. दुसरीत साधा र, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. ही युनिकोडच्या जुन्या आवृत्तीची देणगी, अजून पुष्कळ कीबोर्ड तीच देतात. तिसरीत साधा र आणि खाली नुक्ता. हे सहसा कुणी मुद्दाम लिहीत नाही. पण जुन्या मॅकवरची एचएफएस प्लस ही फाइल-रचना नावांतली अक्षरं सुटी करून ठेवायची, त्यामुळे तिकडून आलेल्या फाइलींच्या नावांत सापडतं.

दिसायला तिन्ही एक. ग्रेप बाइट जुळवतो, त्याला तिन्ही वेगळे. संशयित ओळ 'ओडी, वजा बी' मधून काढा: ३४० २४४ २६१ दिसलं तर पहिली रीत, ३४२ २०० २१५ दिसलं तर मध्ये जोडचिन्ह आहे, ३४० २४४ २७४ दिसलं तर नुक्ता. तिसरी आणि पहिली युनिकोडच्या दृष्टीने समान आहेत, 'यूकॉन्व्ह' नावाचं साधन 'एनी-एनएफसी' सांगितल्यावर त्यांना एक करतं. दुसरी मात्र समान मानलेली नाही, ती तुम्हालाच बदलावी लागेल. त्यासाठी बॅशमध्ये वाईच्या ग्रंथपालांना दिसलेलंच रूप उलट वापरता येतं: डॉलर, एकेरी अवतरण, त्यात उलट्या रेघेसह तीन अष्टमान आकडे. न दिसणारं चिन्ह असं हाताने लिहून मग 'सेड' या शोधून बदलणाऱ्या आज्ञेला बदलायला सांगा. मूळ फाइलींची प्रत काढून ठेवा. मी शिराळ्यापासून शिकले, तुम्ही माझ्यापासून शिका.

टर्मिनलमध्ये 'म' खोडायला तीनदा बॅकस्पेस मारावा लागतो. कीबोर्ड बदलू का? — एक विद्यार्थी, नांदेड

नको, कीबोर्ड निर्दोष आहे. तीनदा म्हणजे तीन बाइट. ओळ खोडणाऱ्या गाभ्याला (कर्नलला) अक्षरांच्या सीमा माहीत नाहीत. 'एसटीटीवाय आययूटीएफ८' अशी आज्ञा द्या. एसएसएचवरून होत असेल तर दोन्हीकडचं एसएसएच जुनं आहे का बघा, ही खूण पलीकडे पाठवायची सोय २०१६ नंतरची. आणि एक अपेक्षा ठेवू नका: 'क्षि' एका फटक्यात जाणार नाही. आधी वेलांटी, मग ष, मग हलन्त, मग क. शुद्धलेखन सुधारणाऱ्याला ते उलट बरंच.

'सॉर्ट' केल्यावर 'कळ' हा शब्द 'कवच'च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत ळ 'ह'नंतर येतो ना? — एक शिक्षिका, अहिल्यानगर

येतो. तुमचा सॉर्ट 'सी' लोकेलमध्ये चाललाय, तिथे क्रम म्हणजे क्रमांक. युनिकोडची देवनागरी भारताच्या इस्की या प्रमाणावरून उतरवली, आणि इस्कीत सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आराखडा लावला होता. त्यात ल, ळ, आणि दक्षिणेकडचा ऴ शेजारी बसवले, मग व. आमच्या कार्यालयात पहिली मराठी आली ती पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर, त्यात इस्कीच होतं आणि 'मराठी' पाच बाइटांत मावायची. सभासदांची यादी तेव्हाही 'कळ' आधीच लावायची, मॅनेजर चिडायचे. आज आयसीयूवर (युनिकोडच्या तयार सॉफ्टवेअरवर) चालणारी साधनं मराठी क्रम मागितला तर ळ, क्ष, ज्ञ ह्यांना 'ह'मागे पाठवतात.

कोणतं टर्मिनल घ्यावं? विंडोजवर तर सगळे चौकोनच दिसतात. — तीन-चार वाचक

विंडोजच्या जुन्या खिडकीत 'सीएचसीपी ६५००१' दिल्याने बाइट यूटीएफ-८ होतात, चौकोन जात नाहीत, कारण तिच्याकडे देवनागरी जुळवायचं यंत्रच नाही. नवं 'विंडोज टर्मिनल' घ्या. लिनक्सवर मी केडीईचं 'कॉन्सोल' वापरते, जोडाक्षरं बऱ्यापैकी जुळतात. 'एमएलटर्म' हे जपानी मंडळींचं, बहुभाषिकांसाठीच बांधलेलं, भारतीय लिप्यांची वेगळी सोय असलेलं. दिसायला जुनाट आहे, मला चालतं. 'एक्सटर्म' १९८४ पासून चालू आहे, इंग्रजीला सोन्यासारखं, पण मराठी तिथे सुट्या अक्षरांत वाचायची तयारी ठेवा. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून येणाऱ्या उघड्या काळ्या पडद्यावर तर प्रयत्नच करू नका, त्याच्या फाँटात ५१२ आकृत्यांच्या वर जागा नाही.

सगळं लोकेलच मराठी करून टाकलं तर? — एक वाचक, ठाणे

करता येतं, मी सहा महिने केलं होतं. मग एके दिवशी चूक-संदेश मराठीत आला, आणि तो शोधायला गेले तर जगात त्यावर कुणी एक ओळ लिहिलेली नव्हती. तेव्हापासून संदेश इंग्रजीत ठेवलेत. लँग भारतीय इंग्रजी, शेपटीसकट. त्यामुळे 'प्रिंटएफ'ला स्वल्पविराम मागितले की १२,३४,५६७ असे लाखातले पडतात, मिलियनमधले नाही. फक्त एलसी-टाइम मराठी. सकाळी 'डेट' म्हटलं की खिडकी मला वार आणि महिना मराठीत सांगते.